जोडीदाराची हजेरी

बाबांना घराबाहेर काढायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यापैकी काम होतं. लेकीने तरी चंग बांधला होता. तिने त्यांच्यासाठी नवा सदरा शिवला, काजं स्वतःच्या हाताने केली, आणि दुपारी जेवणं झाल्यावर तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

"घाला. सगळे येणार आहेत तुमचे. शाळा पाडायच्या आधी एकदा बघून तरी या."

"मला काय बघायचंय त्यात?"

"झोप नाही, जेवण नाही, दिवसभर भिंतीकडे बघत बसता. चार जुने लोक भेटले तर बरं वाटेल."

बाबा सदऱ्याच्या गुंड्या चाचपत बसले. मग म्हणाले, "येतो. पण दिवेलागणीच्या हजेरीच्या आत परत आणायचं. शब्द दे."

तिने दिला. शब्द द्यायला काय जातं! तिला वाटलं, म्हाताऱ्याला अंधारात गाडीत बसायची भीती वाटत असेल.

घरात दोघंच. तिचं लग्न मोडलं तेव्हा बाबांनी एक अक्षर विचारलं नाही. पुढची खोली रिकामी करून तिथे शिवणयंत्र आणून ठेवलं, की झालं दुकान. त्या दिवसापासून ती बापाला तळहाताच्या फोडासारखं जपत होती. बाबांचं एकच खूळ होतं. दिवेलागणीला, हातात काहीही असो, ते ताठ उभे राहून खणखणीत आवाजात म्हणायचे, "आहे!" कुणी हाक मारलेली नसायची. गिऱ्हाइकं हसायची. शेजारीण तर म्हणायची, तुझ्या बापाच्या 'आहे'वर मी कुकर लावते. लेकीला वाटायचं, शाळेची शिस्त, दुसरं काय.

आणि शिस्त होतीच तशी. गावाबाहेरच्या टेकाडावरची ती सरकारी पूर्वतयारी शाळा. सरकारचं मोठं अधिकारी विद्यालय होतं, त्याच्या परीक्षेसाठी कोवळी मुलं आईबापांपासून तोडून इथे आणून ठेवायची, घासूनपुसून तयार करायची आणि पुढे पाठवायची. पुढे सरकारचं मन फिरलं, शाळा बंद पडली. तिथे धान्याचं गोदाम झालं, मग शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र, आणि शेवटी वटवाघळांचं राज्य. आता पाडून कचेऱ्या बांधायच्या होत्या. त्याआधी उरल्यासुरल्या विद्यार्थ्यांना एकदा बोलावलं होतं.

मोठ्या वर्गात दोघादोघांचे जुने बाक झाडून ठेवले होते. चुन्याचा, दमट लाकडाचा आणि वटवाघळांच्या घाणीचा वास येत होता. म्हातारे एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते, दात कुणाचे किती उरले ते मोजत होते. बाबा मात्र आत आले ते थेट खिडकीजवळच्या बाकाशी गेले आणि डाव्या बाजूला बसले. उजवी बाजू त्यांनी रुमालाने पुसून घेतली. ती तशीच रिकामी ठेवली.

समोरच्या भिंतीवर गोदामाच्या पिवळ्या रंगाचे पोपडे निघून खालची मोठी अक्षरं दिसत होती: या शाळेत हजेरी कधी चुकली नाही.

सरकारी पाहुण्यांनी त्याच वाक्यावरून भाषण लांबवलं. कुठल्या साली पाया घातला, कुठल्या साली विहीर खणली, किती अधिकारी घडवले. बोलणाऱ्याचं तोंड दिसतं, ऐकणाऱ्याची कंबर दिसत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. खिडकीतलं ऊन बाकांवरून सरकत पलीकडच्या भिंतीवर चढलं, तरी शाळेचा इतिहास संपेना. लेक दोनदा उठली, दोनदा कुणीतरी तिला खाली बसवलं.

शेवटी चहा आला. एक लठ्ठ, हसऱ्या चेहऱ्याचे आजोबा तिच्या शेजारी येऊन टेकले. "मी लठ्ठ्या. तेव्हा काडी होतो, तरी लठ्ठ्याच म्हणायचे. तू अठ्ठावीसची मुलगी ना? इथे नावं नव्हती गं, नंबर होते. आणि हजेरी आपली आपण द्यायची नाही. जोडीदाराने द्यायची. माझा नंबर पुकारला की माझा जोडीदार म्हणणार, आहे."

"आणि नसला तर?"

"तर 'नाही' म्हणायचं. मग सगळी शाळा कंदील घेऊन शोधायला निघायची. तो सापडेपर्यंत कुणाला जेवण नाही. म्हणून 'नाही' म्हणायची कुणाची छाती व्हायची नाही." ते हसले, पण बाबांच्या बाकाकडे नजर गेली तसं ते हसू मावळलं.

"बाबांचा जोडीदार कोण? आला नाही का?"

लठ्ठ्याकाकांनी कप खाली ठेवला. कानातलं यंत्र नीट बसवलं.

"तुला सांगितलं नाही त्याने? ... सत्तावीस. सुट्टी लागायची होती. ताप असलेल्या मुलाला घरी सोडत नसत, आजाऱ्यांच्या खोलीत ठेवत. सत्तावीस तापाने फणफणला होता. पण त्याला घरी जायचं होतं. कुणाच्या लक्षात यायच्या आत तो गाद्यांच्या कोठीत जाऊन लपला. सकाळी गाडीत गुपचूप चढू, तोवर तू 'आहे' म्हण, असं तुझ्या बाबाला सांगून गेला. याने म्हटलं. संध्याकाळी म्हटलं. सकाळी गाड्या सुटायच्या आधीही म्हटलं. त्याला वाटलं, मागच्या गाडीत बसला असेल..."

"आणि?"

"सुट्टी लागली की सगळ्या गाद्या गुंडाळून कोठीत रचायच्या. शिपायांनी रचल्या. कोपऱ्यात कोण झोपलंय ते बघायला कोण जातंय... हजेरी तर पुरी होती. बाहेरून कुलूप घातलं. घरच्यांना वाटलं, ताप असेल म्हणून शाळेने ठेवून घेतला. शाळा उघडली तेव्हा आम्हीच गेलो होतो गाद्या आणायला. पोरी, मी अजून गादीवर झोपत नाही. चटईवर झोपतो."

तिच्या हातातला चहा सदऱ्याच्या उरलेल्या कापडातून शिवलेल्या तिच्या पिशवीवर सांडला. इतकी वर्षं ज्या शब्दावर गल्ली हसत होती तो शब्द तिच्या कानात वाजू लागला, आणि तिला धड रडताही येईना. आपण बाबांना कुठे आणून बसवलं! ती ताडकन उठली. त्यांना उचलून नेलं असतं तिने. पण तेवढ्यात घंटा झाली.

मॉनिटर म्हणून मिरवणारा एक उंच म्हातारा पितळी घंटा घेऊन पुढे उभा होता. "बसा सगळे! दिवेलागण झाली. शेवटची हजेरी!"

खुर्च्या, बाक करकरले. म्हातारे पोरांसारखे जागेवर पळाले. ती बाकांच्या रांगांमधून पुढे सरकत होती, पण वाटेत काठ्या, पाय, पिशव्या. मॉनिटरने घोगऱ्या आवाजात नंबर पुकारायला सुरुवात केली होती. कुणी जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवून "आहे!" म्हणत होतं. जिथे बाक अर्धा रिकामा होता तिथे कुणी हळूच म्हणत होतं, "गेला." ज्यांचे दोघंही नव्हते त्या बाकांवरून मॉनिटर पुढे जात होता.

"सत्तावीस?"

म्हातारे मागे वळून खिडकीजवळच्या बाकाकडे बघू लागले. मॉनिटरलाही आता उमगलं असावं, कारण त्याने घंटा खाली ठेवली. बाबा उठले. नवा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"बाबा," ती कुजबुजली, "गेला म्हणा. म्हणून टाका एकदा..."

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि म्हणाले, "आहे."

बाहेर वटवाघळं उडाली. मॉनिटरने इथेच थांबायला हवं होतं. पण आयुष्यभराची सवय, सत्तावीसनंतर जे येतं ते तोंडातून आलंच.

"अठ्ठावीस?"

बाबांनी डोळे घट्ट मिटले. लेकीला तेव्हा कळलं, त्यांना भीती कशाची होती. सत्तावीससाठी उत्तर द्यायला ते होते. त्यांच्यासाठी उत्तर द्यायचा हक्क एकाच माणसाचा होता.

तिने तोंड उघडलं, "आहे" म्हणायला. तिच्या आधी दुसरंच कुणीतरी बोललं. बाकाच्या उजव्या बाजूने, अगदी जवळून. कोवळा आवाज, घसा कोरडा पडलेला, पाणी मागून मागून थकलेल्या मुलाचा.

"नाही."

बाबा सावकाश खाली बसले. मान उजवीकडे कलली आणि टेकली. हवेत टेकावी तशी नाही. खांद्यावर टेकावी तशी टेकली, आणि राहिली.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, वयच झालं होतं. तो आवाज ऐकल्याचं कुणीच कबूल करेना. लठ्ठ्याकाका निरोपाला आले तेव्हा तिने त्यांना त्या 'नाही'बद्दल विचारलं. ते म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही गं. यंत्र घरी राहिलं होतं त्या दिवशी." त्या दिवशी शाळेत कानातलं यंत्र नीट बसवताना तिने त्यांना बघितलं होतं. पण तिने वाद घातला नाही. म्हातारा डोळ्यांत डोळे घालून बोलत नव्हता.

घर खायला उठलं. तिने बाबांची खोली झाडून घेतली, गादीवर धुतलेली चादर घातली, दार लोटून ठेवलं. दिवेलागणीला ती मुद्दाम यंत्र जोरात चालवायची. शेजारीण कुकर कधी लावायचा ते भिंतीवरच्या घड्याळात बघू लागली.

आणि मग एका संध्याकाळी धागा तुटला. यंत्र थांबलं. ती सुईत दोरा ओवायला दिव्याखाली वाकली, आणि लोटलेल्या दाराच्या आतून कुणीतरी हलकेच विचारलं,

"अठ्ठावीस?"

सुई बोटात शिरली. तोच आवाज. कोरडा, कोवळा... वाट बघणारा. तिला ठाऊक होतं, काय म्हणायला हवं. गेला. जो तो म्हणतो तेच म्हणायचं होतं. पण ज्या बापाने तिला कधी काही विचारलं नाही, त्याच्याबद्दल तो शब्द तिच्या जिभेवर येईना. आणि 'नाही' म्हटलं तर शोधायला निघणार होतं कोण, आणि कुठून...

"आहे," ती म्हणाली.

आत पलंग कुरकुरला. कुणीतरी अंग टाकलं होतं. मग काहीच नाही.

बऱ्याच वेळाने तिने दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. चादरीवर सुरकुती नव्हती. तिने उशीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. उशी तापली होती, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखी.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान दिवेलागणीच्या आत बंद केलं. पाण्याचा तांब्या भरून बाबांच्या उशाशी ठेवला, आणि दाराबाहेर ताठ उभी राहिली.