बेहड्यावरचा फोन

आम्ही निघालो होतो एका ठिपक्याच्या शोधात.

माझ्या लॅपटॉपवरच्या जाळ्यात तो सर्वांत मोठा होता. प्रत्येक ठिपका म्हणजे एक फोन नंबर. दोन नंबरांमध्ये बोलणं झालं असेल, तर मध्ये रेघ. एका बाजूला भोकरच्या जंगलातलं सागवान चोरून तोडणारे, दुसऱ्या बाजूला ते उदगीरकडे नेणारे ट्रकवाले. मधोमध नागसेनचा नंबर. जाळं पोलिसांनी पाहिलं आणि त्या वनमजुराला उचललं.

"सिम माझ्या नावचं हाय, पण फोन डोंगरावर बेहड्याच्या झाडाला टांगलेला असतो," नागसेन कोठडीतून सांगत होता. "वाडीत रेंजच न्हाई. ज्याला बोलायचं तो वर जातो."

कुणाला पटलं नाही. पोलिसांसाठी कॉलच्या नोंदींवरून हे जाळं मी काढलं होतं, म्हणून मीही निघाले. उद्या त्याला कोर्टात उभं करणार होते. त्याआधी फोन टोळीनं काढून नेला, तर नागसेन अडकलाच!

पुढे वनक्षेत्रपाल विशाखाताई, मागे धापा टाकत हवालदार उद्धवमामा.

"समीक्षा मॅडम, उगं चढवून राहिलात आम्हाला," मामा म्हणाले. "गिरणीवाल्या श्रीनाथशेठनं सोताहून येऊन नागसेनच्या नावाची टीप दिली. त्यांच्या आरागिरणीवर च्या प्यालोय मी. देवमाणूस!"

"श्वास जपून वापरा, मामा. अजून निम्मा डोंगर आहे," विशाखाताई म्हणाल्या.

नाल्याच्या कडेनं वाट चढत होती. साग पानगळीला लागला होता. मोठमोठी वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती, आणि खाली खडकाच्या खोलगट भागात अजून कमरेइतकं पाणी साठून होतं. वर कड्याला आग्या मोहोळ लोंबत होतं. एवढ्यात आकाशातून एक मधुबाज सुटला आणि थेट पोळ्यावर आदळला!

काळा ढग उसळला.

"पाण्यात!" विशाखाताई ओरडल्या.

मी उडी मारली. लॅपटॉपची पिशवी खडकाच्या कपारीत कोंबली. डोकं पाण्याखाली. श्वास संपला. वर आले, डंख. पुन्हा खाली! बऱ्याच वेळानं घोंघावणं दूर गेलं. मामांचा एक कान वांग्यासारखा सुजला होता.

"देवमाणसाला सांगा, मलम पाठवा म्हणावं," विशाखाताई म्हणाल्या.

माथ्यावर बेहडा होता. फांदीला पत्र्याचा डबा, वर सौर पट्टी, आत फोन! नागसेन खरं बोलला होता.

"फोन झाडाचा, मान्य," मामा कान चोळत म्हणाले. "पण चोरांशी बोलणारा नागसेनच नसल कशावरनं?"

प्रश्न बरोबर होता. दोन्ही बाजू जोडणारं आणखी कुणी आहे का, ते बघायला मी लॅपटॉप उघडून बेहड्याचा ठिपका जाळ्यातून काढून टाकला. जाळ्याचे दोन तुकडे झाले. त्यांना जोडणारं कुणीच उरलं नाही.

तेवढ्यात डब्यातला फोन वाजला. एकदाच, आणि बंद.

"मिस कॉल मारला कुणीतरी," मामा म्हणाले.

शून्य सेकंदांचे सगळे कॉल मी कचरा समजून गाळले होते! आमच्या घरी आजही आई पोचल्याचा मिस कॉल देते, तरीही गाळले. ती गाळणी मी काढली. कडेचा एक बारीक ठिपका सरकत मधोमध आला आणि दोन्ही तुकड्यांकडे त्याच्या रेघा सुटल्या. एकदाही न बोलता नुसते इशारे देणारा नंबर. नागसेन कोठडीत असताना आत्ता वाजलेला नंबर!

"मामा, उलटा मिस कॉल द्या," विशाखाताई म्हणाल्या.

मामांनी दिला. असा उलटा इशारा ठरलेला नसावा, कारण लगेच फोन खणखणला आणि आवाज चिडून आला, "डोकं फिरलं का रे? गाडी खाली नाल्यात उभी हाय. माल भरा की लवकर!"

मामांचा चेहरा उतरला. "श्रीनाथशेठ," ते हळूच म्हणाले.

खालून इंजिनाचा आवाज आला.

"धरू त्यांना!" मामांनी काठी उचलली.

"ते कुऱ्हाडीवाले आहेत, आपण तिघं. सागवान जाऊ द्या," विशाखाताईंनी डबा काढून घेतला. "नागसेन महत्त्वाचा."

"कोण हाय रं वर?" उतारावरून आरोळी आली. पावलं धावत येत होती. आम्ही दुसऱ्या अंगानं सुटलो. करवंदीची जाळी, काटे, घसरण! मी बसूनच खाली गेले, पिशवी छातीशी धरून. मागून दगड आले. मग आवाज विरले.

ट्रक नाक्यावर सापडला नाही. पण तो नंबर श्रीनाथच्या खिशातल्याच दुसऱ्या फोनचा निघाला, आणि कोर्टातून नागसेन सुटला.

बाहेर येताच त्यानं विचारलं, "वाडीचा फोन कुठं हाय?"

"पुराव्यात जमा," मी म्हणाले.

"मग गुणाबाईला कळा सुटल्या तर दवाखान्याची गाडी कशावरनं बोलवायची? दिवस भरलेत तिचे."

उद्धवमामांनी खिशातून स्वतःचा फोन काढून त्याच्या हातावर ठेवला.

"टांग जा. सिम माझ्या नावचं हाय," सुजलेला कान चाचपत ते म्हणाले. "बघू, आता मला कोण उचलतंय!"