बिनग्लिसरीनचे अश्रू

पुण्यात पाषाणच्या स्मृतिसंशोधन केंद्रातल्या खुर्चीत बसताना मधुकर कागवाडे यांनी सवयीने आधी दिवे कुठे आहेत ते पाहून घेतलं. दिवा एकच होता आणि तोही छताला. डोक्यावर तारांची टोपी चढवणाऱ्या फिरोज नदाफला त्यांनी चेहरा कुठल्या बाजूला ठेवू म्हणून विचारलं. फिरोज हसून म्हणाला, की चेहऱ्याचं इथे काही काम नाही. एकोणऐंशी वर्षांच्या आयुष्यात मधुकररावांना असं सांगणारा हा पहिलाच माणूस.

एकशे बारा चित्रपट झाले होते त्यांचे. त्यांतले निम्म्याहून अधिक बापाच्या भूमिकेचे. मुलगी सासरी निघालेला बाप, मुलगी पुरात वाहून गेलेला बाप, मुलीची ओळख विसरलेला बाप. मराठी पडद्यावर जेवढ्या मुली दुरावल्या त्यांतल्या बऱ्याच मधुकररावांच्या खात्यावर होत्या. त्यांची ख्याती एकाच गोष्टीची. रडायच्या प्रसंगाआधी बाकीचे नट डोळ्यांत ग्लिसरीन घालत, तेव्हा मधुकरराव कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहत. मिनिटभराने वळले की डोळे भरलेले असत. मग दिग्दर्शक घाईघाईने ओरडे, कॅमेरा चालू करा, लवकर.

त्या एका मिनिटात ते काय करतात हे साऱ्या कोल्हापूरला ठाऊक होतं, कारण मुलाखतींतून त्यांनीच ते सांगितलं होतं. ते कुंदाला आठवत. कुंदा त्यांची मुलगी. चौथ्या वर्षी घटसर्पाने गेली, एक्कावन्न वर्षांपूर्वी. कोल्हापुरातच, मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत, खिडकीखालच्या गादीवर.

तिचा फोटो एकच होता. तोही मधुकररावांनीच घालवला. मुलगी गेल्यानंतरच्या दुसऱ्याच चित्रपटात भिंतीवर हार घातलेला फोटो दिसायचा होता. सामानवाल्याने आणलेला परका चेहरा पाहून त्यांना भाव येईना, म्हणून घरचा फोटो नेऊन त्यांनी तिथे टांगला. प्रसंग अप्रतिम झाला. दुसऱ्या दिवशी सेट मोडला, सामान तीन गाड्यांतून तीन दिशांना गेलं आणि फोटो कुठल्या गाडीतून गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. पुढे चित्रपटाची फीतही कुजली. बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

म्हणूनच स्मृतिदर्शकाची बातमी वाचल्यावर त्यांच्या पत्नी शालनबाईंनी त्यांना इथे आणलं होतं. माणूस एखादी गोष्ट मनाशी आठवतो तेव्हा मेंदूत जे चित्र उभं राहतं, ते हे यंत्र पडद्यावर उमटवतं. शालनबाईंना लेकीचा चेहरा हवा होता. बाकी काही नाही, एक चेहरा. त्या बाहेरच्या बाकावर पदर सावरून बसल्या होत्या.

मधुकररावांनी डोळे मिटले. कुंदा लगेच आली, नेहमी येई तशी. पंधरा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, तेव्हा फिरोज पडद्यासमोर उभा होता आणि केंद्राच्या प्रमुख डॉक्टर ऊर्मिला बर्वे यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

पडद्यावर एक गोड, गुबगुबीत मुलगी होती. गालाला लाली, केसांत मोठाल्या रिबिनी. मात्र ती झोपली होती ती गादी खिडकीखाली नव्हती, कारण खोलीला चौथी भिंतच नव्हती. जिथे भिंत हवी तिथे अंधार होता आणि त्या अंधारातून दोन प्रखर दिवे मुलीच्या तोंडावर पडले होते.

“आणखी तीन वेळा घेऊन पाहिलं,” फिरोज बर्वेबाईंना हळू आवाजात म्हणाला. “दर वेळी चेहरा थोडा निराळा येतोय. पाच-सात मुलींचे चेहरे मिसळलेत असं वाटतं.”

मधुकरराव पडद्याकडे बघत राहिले. त्यातली एक मुलगी त्यांनी ओळखली. पुरात वाहून जाणारी. आता ती स्वतः आजी झाली होती. यंत्र बिघडलंय का, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर नाही असंच येणार हे त्यांना विचारतानाच कळलं होतं.

बर्वेबाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

“आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, मधुकरराव. ती मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांमध्ये असते. आपण आठवण काढली की त्या जोडण्या काही तास सैल होतात. पुन्हा घट्ट होताना त्या वेळी भोवती जे असेल तेही आत घेतात. आम्ही याला पुनर्बांधणी म्हणतो. प्रत्येकाचं असंच होतं. तुमचं जरा जास्त झालं, एवढंच.”

“म्हणजे जितक्या वेळा आठवली...”

“तितक्या वेळा बदलली. जिला हातच लागला नाही, तिची वाट सापडायला अवघड जाते, पण ती मोडत नाही.”

त्यांनी मनाशी हिशोब केला. एका चित्रपटात रडण्याचे चार प्रसंग, प्रसंगाला सहा टेक, तालमी वेगळ्याच. चांगलं झालं तरी दिग्दर्शक म्हणायचा, अजून एक घेऊन ठेवू. कुंदाला त्यांनी हजारो वेळा उठवून दिव्यांखाली आणलं होतं, आणि दर वेळी सेटचा थोडा रंग लावून परत निजवलं होतं. पोरीवर आपण जगलो, हे त्यांना पूर्वीही वाटे आणि त्याची बोच असे. आता कळलं, की तिला खाऊन टाकलं. त्यांना फार शरम वाटली.

हे शालनला सांगायला हवं होतं. सांगायचं कसं? या बाईविषयी त्यांच्या मनात एक जुनी अढी होती. कुंदा गेली तेव्हा ती रडली, पण फोटो हरवल्यानंतर तिने लेकीचं नावच टाकलं. वर्षश्राद्ध नाही, आठवण नाही. कुणी विषय काढला की उठून आत जायची. एकदा तर भर मुलाखतीत मधुकरराव बोलून गेले होते, की आमच्या घरात आईचं काळीज माझ्याकडे आहे. शालनबाईंनी ती मुलाखत ऐकली होती आणि त्या दिवशीही वेळेवर जेवायला वाढलं होतं.

त्यांनी बाहेर येऊन जे झालं ते सांगितलं. शालनबाई ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत.

“मला वाटलंच हुतं,” त्या म्हणाल्या. “फोटो गेल्यावर तुम्ही एकदा शूटिंगहून आलासा आणि तिच्या निळ्या झग्याचं बोलाय लागलासा. झगा हिरवा हुता. पुढल्या खेपेला म्हणालासा, केस कुरळे हुते. मी भ्याले. म्हटलं, लोणच्याच्या बरणीत सारखा हात घातला की बुरशी धरती, तसं माझंबी हुईल. म्हणून झाकण लावलं. एकदाबी उघडलं न्हाई.”

दारात उभ्या असलेल्या बर्वेबाईंनी विचारलं, की पन्नास वर्षांत एकदाही नाही? शालनबाईंनी मान हलवली. येऊ लागली की त्या भांडी घासायला घेत. आज नवऱ्याच्या डोक्यातून चेहरा मिळाला असता, तर आपलं झाकण तसंच ठेवून जायचं त्यांनी ठरवलं होतं.

बर्वेबाईंनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. शालनबाई खुर्चीत बसल्या तर पहिलं चित्र स्वच्छ येईल, पण ते काढण्यासाठी आठवावं लागेल, आणि आजपासून ती आठवणही इतरांच्या आठवणींसारखी बदलू लागेल. शिवाय खरी आठवण आणि निव्वळ कल्पना यांतला फरक यंत्राला कळत नाही. म्हणून ज्याने ते माणूस पाहिलं आहे अशा दुसऱ्या कुणीतरी ओळख पटवावी लागते. नाही पटली, तर केंद्राच्या नियमाप्रमाणे चित्र पुसलं जातं.

“माझ्यासंगं सरणावर जाण्यापरीस बरं,” म्हणत शालनबाई उठल्या.

आतल्या खुर्चीत, डोक्यावर टोपी चढवून, त्या डोळे मिटून बसल्या. बराच वेळ पडदा करडाच राहिला. मग खिडकी दिसली, खालची गादी दिसली, आणि गादीवर उठून बसलेली एक पोर. सावळी, हडकुळी, कपाळ मोठं, सरळ केस तेलाने चप्प बसवलेले. एका डोळ्याचं काजळ कानापर्यंत फासलेलं. अंगात हिरवा झगा. तिला कसलातरी राग आला होता.

फिरोजने विचारलं, “साहेब, ही तुमची मुलगी का?”

मधुकररावांनी त्या पोरीला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. कपाळ, नाक, हनुवटी. आतून काहीच हललं नाही. नाही म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं, आणि शालनने पन्नास वर्षं राखलेलं चित्र त्याच क्षणी पुसलं गेलं असतं.

त्यांनी श्वास घेतला. खालच्या पट्टीतला, जरासा कापरा आवाज लावला.

“हीच. हीच माझी कुंदा.”

बर्वेबाईंचे डोळे पाणावले. फिरोजने नोंद केली आणि चित्र कायमचं जतन झालं. मधुकररावांनी त्याहून चांगलं काम कधी केलं नव्हतं.

शालनबाईंची टोपी काढली. पडदा बघताच त्या तोंडाला पदर लावून मोठ्याने रडल्या, पन्नास वर्षांचं साचलेलं सगळं. त्यांचं रडून झाल्यावर नवराबायकोला खोलीत एकटं सोडून बर्वेबाई आणि फिरोज बाहेर गेले.

“वळखलं न्हाई तुम्ही तिला,” शालनबाई म्हणाल्या. “त्यांस्नी फसवलंसा. मी एकशे बारा सिनेमे बघितल्यात.”

मधुकररावांनी मान खाली घातली. क्षमा मागायला शब्द सापडेनात. जे होते ते सारे कुठल्या ना कुठल्या चित्रपटात वापरून झाले होते.

“बसा हितं,” शालनबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. “सांगते.”

सांगितल्याने आपल्या जवळचं उरलंसुरलं बदलत जाणार हे माहीत असूनही शालनबाई सांगत गेल्या. काजळ तिचं तिनेच फासलं होतं. मटकीची उसळ तिला आवडत नसे. मधुकरराव पडद्याकडे बघत ऐकत होते, कुणा दुसऱ्याच्या लेकराबद्दल ऐकावं तसे. पडद्यावरच्या त्यांच्या सगळ्या मुलींनी त्यांना बाबाच म्हटलं होतं. या मुलीचा आवाज मात्र त्यांच्याकडे कुठेच नव्हता.

“शालन,” त्यांनी विचारलं, “ही मला काय म्हणायची गं?”