परतीची ताटं

"आपल्या दारी आलेलं ताट भरलेलं परत जात नाही, सूनबाई! ताट परतवलं, की माणूस परतवलं..."

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सासूनं, टोकिलुपेनं, सांगितलेले ते शब्द लेसिएलीच्या कानांत अजून घुमत होते. आणि आज, चुलीच्या खोपटामागे केळींच्या आडोशाला बसून डुकराच्या मांसाचा शेवटचा घास घशाखाली लोटताना तिचे डोळे भरून आले होते...

"वा गं वा! आई काडीसारखी वाळतेय, आणि सून फोफावतेय!"

लेसिएली दचकली. समोर थोरली नणंद पीसिला उभी होती, कालच ऑकलंडहून आलेली. साऱ्या टोंगा बेटांवर थोरल्या बहिणीपुढे भाऊसुद्धा मान वर करत नाही. आणि लेसिएलीचा नवरा तर दूर ऑस्ट्रेलियात द्राक्षं खुडायला गेलेला!

"वन्सं, तसं नाही हो..."

"मग कसं? आईपुढे वाटीभर माशाचं पाणी नि पपईची फोड, शेजारणींची ताटं मात्र तुझ्या पोटात! वर त्या आजारी जिवाला सकाळी धक्क्यापर्यंत चालवतेस. मारायचंय का तिला?"

सत्य लेसिएलीच्या ओठांशी आलं... आणि थिजलं. कर्करोगापायी शहरातल्या इस्पितळात सासूचं अर्धंअधिक जठर काढलं होतं; गावाला नि लेकीला साधं दुखणं म्हणून सांगितलं होतं. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवा, झेपेल तेवढं चालवा, असं नर्सनं बजावलं होतं. पण सासूनं हात धरून शपथ घातली होती: "कुणाला सांगू नकोस, पोरी! गावाला जेवू घालणारी मी... मला घास जात नाही हे कळलं, तर ताटं थांबतील. ताटं थांबली, की माणसं थांबतील गं!"

दारी येई ताट, ताटावर केळीचं पान. पानाखाली माया, मायेला नको कसं म्हणावं? म्हणून सून खात राहिली होती, मळमळेपर्यंत...

"आज मी वाढणार," पीसिला कडाडली. "आणि उद्याच्या बोटीनं आईला घेऊन जाणार. तू खुशाल माहेरी जा!"

चर्चहून आल्यावर चटया अंथरल्या. शेजारणीही आल्या. पीसिलानं आईपुढे मांस, सुरण, नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं यांचा ढीग रचला.

"खा आई, लेकीच्या हातचं."

टोकिलुपेनं एकदा सुनेकडे पाहिलं. एक घास... दुसरा... कपाळावर घाम डवरला, ओठ पांढरे पडले; तरी हात पुन्हा ताटाकडे गेला!

"आई, नको!" लेसिएलीनं झेप घेऊन तिचं मनगट धरलं.

"बघा गं बायांनो! माझ्या डोळ्यांदेखत आईचा घास हिसकावतेय!" पीसिला ओरडली.

लेसिएलीच्या गालांवरून आसवं ओघळत होती. तिनं मनगट सोडलं नाही. शपथही मोडली नाही.

टोकिलुपेनं दुसऱ्या हातानं ताट हळूच दूर सारलं. त्या घरात असं कधी घडलं नव्हतं.

"तिला बोलू नकोस, पीसिला... मला जातच नाही गं काही. पोट कापलंय माझं. हिला मीच शपथ घातली होती. तुमची ताटं रिकामी परत जावीत म्हणून ही आडोशाला बसून खात होती, नि चोर ठरत होती!"

पीसिला आईजवळ सरकली. तिनं माशाच्या पाण्याची ती छोटी वाटी उचलली, आणि खालमानेनं भावजयीच्या हातात दिली.

टोकिलुपेनं शेजारणींकडे पाहिलं. कधी नव्हे तो तिचा आवाज चिरकला.

"ताट नका आणू गं आता... नुसत्या या. माझ्याजवळ बसा."