साठावर अडलेली दोन कार्डं

"सही कुठे करू?" तिने दार किलकिलं करून विचारलं.

दोन्ही हातांत खोका, खोक्यावर टेकवलेली हनुवटी, चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर... असा माणूस दारात दिसला तर दुसरं काय समजायचं?

"सही नको, नुसतं दार उघडा," तो म्हणाला. "पार्सलबरोबर मीही आलोय."

असा तो आला. ॲनिमेशन शिकवणारी ती छोटीशी शाळा तिची मावशी चालवायची आणि तिथली संगणकांची खोली ही सांभाळायची. घरी 'मावशी', शाळेत 'बाई', आणि हिचं काही चुकलं की दोन्हीकडे 'अगं ए!' बाईंना नवी ग्राफिक्स कार्डं घ्यायची होती. पण जुन्यापेक्षा नवं खरंच किती पळतं, ते आधी पडताळून बघायचं होतं. म्हणून दुकानाने एक नवं कार्ड देऊन या माणसाला पाठवलं होतं. तासाभरात विद्यार्थ्यांनी त्याचं 'कार्डवाला' असं बारसं करूनही टाकलं.

तिने संगणकाचं झाकण काढलं आणि कार्डाला हात घालणार, तोच तो ओरडला, "थांबा! आधी पत्र्याला हात लावा."

"का? त्याची परवानगी लागते?"

"आपल्या अंगात वीज साठलेली असते. आपल्याला पत्ताही नसतो, पण तेवढ्यानेही नाजूक वस्तू कायमची जाते. म्हणून आधी पत्र्याला हात लावून ती सोडून द्यायची." त्याने संगणकाच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर तळवा टेकवला, क्षणभर ठेवला आणि मग जुनं कार्ड दोन बोटांनी अलगद तपासलं. इतक्या जपून कुणी कशाला हात लावताना तिने पाहिलं नव्हतं. ती बघतच राहिली.

चाचणी सोपी होती. विद्यार्थ्यांनी संगणकावर एक झाड केलं होतं, चाळीस हजार पानांचं. वारा सुटला की सगळी पानं हलायची. कार्ड एका सेकंदात त्या झाडाची किती चित्रं काढतं, एवढंच मोजायचं. जुन्याने काढली साठ. मग नवं बसवलं, सगळे श्वास रोखून बसले... साठ!

"असं कसं?" तो पुटपुटला.

आणि हिला एकदम आठवलं. जुन्या कार्डाचा पंखा फार कोकलायचा, म्हणून तिनेच कधीतरी सेटिंगमध्ये मर्यादा घालून ठेवली होती. सेकंदाला साठ चित्रं, एकही जास्त नाही! नव्या बिचाऱ्यालाही तोच लगाम लागला होता.

"अहो, ते..." तिने तोंड उघडलं.

"उद्या परत यावं लागणार," तो म्हणाला.

तिने तोंड मिटलं.

आता तुम्ही म्हणाल, हा शुद्ध लबाडपणा झाला. झालाच! पण चाचणी संपली की तो खोका उचलून जाणार, तोही कायमचाच. आणि त्याने जावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. काय करणार?

दुसऱ्या दिवशी त्याने वायरी बदलल्या, सगळं पुन्हा जोडलं. साठ. सेटिंगकडे मात्र स्वारी वळेना. उलट जुन्या कार्डाचा पंखा सोडवून, पुसून, त्यात तेलाचा थेंब सोडत बसला.

"त्याला कशाला तेल? ते तर आता काढूनच टाकायचंय ना?" तिने विचारलं.

"सहा वर्षं राबलंय. जाताना तरी कुरकुर नको." मग पडद्यावरच्या झाडाकडे बघत म्हणाला, "या झाडाचं खोड तुम्ही केलंय ना?"

"तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"पानं घाईत केलीत. खोडावर मात्र कुणीतरी जीव लावलाय."

ती लाजली, आणि लाजलेलं दिसू नये म्हणून उगाचच कीबोर्ड पुसायला लागली. गेल्या वर्षभरात त्या खोडाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मात्र बाईंचा पारा चढला. "एका कार्डाला तीन दिवस? या माणसाला काही कळतं की नाही? थांब, त्याच्या मालकालाच फोन लावते. म्हणावं, यातलं समजणारा कुणीतरी पाठवा!"

"मावशी, नको ना..." पण मावशी फोन घेऊन केबिनमध्ये गेलीसुद्धा.

आपल्या लबाडीपायी त्याची नोकरी जायची! ती धावतच संगणकांच्या खोलीत आली.

"चूक तुमची नाही, माझी आहे. साठची मर्यादा मीच घातली होती. पहिल्याच दिवशी आठवलं, पण... सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता. आता काय रागवायचं ते रागवा, पण आधी जाऊन बाईंना खरं सांगा."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मला... म्हणजे, मी..."

"अगं ए!" दारात मावशी उभी होती. "याचा मालक म्हणतो, रिपोर्ट पहिल्याच संध्याकाळी आला. जुनं चौसष्ट, नवं एकशे एक्कावन्न. आणि हा माणूस दोन दिवस रजेवर आहे! मग इथे रोज येतंय कोण?"

खोलीत पंख्याचाही आवाज नव्हता. तेल घातलं होतं ना!

मावशीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. "अस्सं," म्हणाली, आणि जाताना दार ओढून घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं?" हिने विचारलं.

"दोन्ही कार्डं बरोब्बर साठ? असं कधी होतं का! तुम्ही चहा आणायला गेलात तेव्हा मर्यादा काढली, मोजलं, आणि पुन्हा घालून ठेवली."

"पुन्हा का घातली?"

"तुम्ही 'अहो, ते...' म्हणून गप्प बसलात, म्हणून. म्हटलं, हिलाही मी उद्या यायला हवाय की काय... पण खात्री नव्हती."

"किती लबाड आहेस तू!" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिला कळलंच नाही.

"आता मोजायचं काही उरलं नाही," तो हळूच म्हणाला. "उद्या यायला कारणही नाही."

"कारण कशाला हवं? तू हवास मला. उद्याही, परवाही..." बोलून गेली आणि तिने मान खाली घातली.

तो उघड्या कॅबिनेटजवळ गेला, पत्र्यावर तळवा टेकवला आणि क्षणभर तसाच ठेवला. मग वळला आणि दोन्ही हातांनी, अगदी जपून, तिचा हात हातात घेतला.