कुकरच्या तीन शिट्ट्या आणि एक नकलाकार

तीन शिट्ट्या झाल्या होत्या, तरी तुरीची डाळ खड्यासारखी कडक होती.

ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या जंगलात, उंच निलगिरीच्या झाडांखाली, आबांनी कुकर उघडून एक दाणा दाताखाली धरला आणि तोंड वाकडं केलं.

"शिट्ट्या कुणी मोजल्या?"

"मी," टिपणीस म्हणाला. "नऊ चारला पहिली, नऊ पाचला दुसरी, नऊ सहाला तिसरी. मग शेगडी बंद केली. मोजण्यात मी चुकत नाही."

टिपणीस म्हणजे गुडघ्याएवढा यंत्रमानव. दिसेल ते, ऐकेल ते टिपून ठेवायचा, म्हणून आबांनी त्याला हे आडनाव बहाल केलं होतं. आबा स्वतः जन्मभर मेलबर्नमध्ये ध्वनिशास्त्र (आवाजाचं शास्त्र) शिकवत आलेले. दर जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, ते याच जागी तंबू ठोकायचे. तंबू सूर्याच्या उजेडावर ऊब धरणारा, नव्या जमान्याचा. कुकर मात्र मिरजेहून आणलेला, पोचे पडलेला.

त्यांची नात, अकरा वर्षांची शाल्मली, काळजीत पडली. डाळीची तिला फिकीर नव्हती. फिकीर होती यादीची. सकाळपासून टिपणीसने आवाजांवरून चौदा जातींचे पक्षी ओळखले होते, आणि बारा वाजता पक्षीगणनेच्या मॉरीनबाई ती यादी न्यायला येणार होत्या. गेल्या वर्षी त्यांनी शाल्मलीच्या बारा नावांपैकी नऊ नावांवर पेन्सिलने काट मारली होती. "बाळ, हे सगळे एकाच लायरपक्ष्याचे आवाज," असं प्रेमानं म्हणाल्या होत्या, पण काट ती काटच. लायरपक्षी कोंबड्याएवढा असतो, शेपटी वीणेसारखी डौलदार, आणि नकला अशा करतो की ज्याची नक्कल तोही फसावा. शाल्मली वर्षभर धुमसत होती. दुधानं तोंड पोळलेली ती पोर आता ताकही फुंकून पीत होती.

"तीन शिट्ट्या मोजता येत नाहीत, आणि म्हणे चौदा पक्षी," ती पुटपुटली.

"तीनच झाल्या," टिपणीस म्हणाला.

शाल्मली थांबली. टिपणीस खोटं बोलत नाही. कुकरनंही इतक्या वर्षांत कधी दगा दिलेला नाही. मग दोघेही खरे असतील तर?

"आबा, तुम्ही इथं किती वर्षं वरण शिजवताय?"

"अकरा. का गं?"

"मग त्यातल्या दोन शिट्ट्या कुकरच्या नव्हत्याच. ऐकून ऐकून शिकलेल्या त्या नकलाकारानं वाजवल्या."

आबांची चमचा धरलेली मूठ तशीच राहिली. "म्हणणं बरोबर वाटतंय. पण सिद्ध कसं करशील?"

पक्षी निसटू नयेत म्हणून टिपणीसने तीन ध्वनिग्राहक (आवाज पकडणारी यंत्रं) टांगले होते. एक शेगडीपाशी, एक ओढ्यापाशी, एक टेकाडावर.

"आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर धावतो," आबा म्हणाले. "म्हणजे चौतीस मीटर जायला?"

"सेकंदाचा दहावा भाग." आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे जवळच्या यंत्राला तो आधी पोचणार. टिपणीस, पहिली शिट्टी आधी कुणाला ऐकू आली?"

"शेगडीपाशी."

"दुसरी आणि तिसरी?"

"ओढ्यापाशी. शेगडीपाशी थोड्या उशिरा."

"मग हे सांगितलं का नाहीस?"

"किती झाल्या ते विचारलं होतं. कुठून आल्या ते कुणी विचारलं नाही."

आबा पोट धरून हसले. मग त्यांनी मातीत काडीनं नकाशा काढला. दोन यंत्रांमधल्या वेळेच्या फरकावरून आवाज कुठल्या रेषेवर आहे एवढंच कळतं. तिसरं यंत्र मिळालं की त्या रेषेवरची नेमकी जागा सापडते. टिपणीस एकेका हाकेची जागा सांगू लागला आणि शाल्मली तिथं डाळीचा एकेक दाणा ठेवू लागली. न शिजलेली डाळ शेवटी कामी आली.

ओढ्यापलीकडच्या एका उंचवट्यावर दाण्यांचा ढीगच झाला. कुकाबुरा पक्ष्याचं माणसासारखं हसू, काकाकुवाची किंकाळी, चाबूकपक्ष्याचा फटकारा, कुकरची शिट्टी, सगळं त्या एका जागेवरून. चौदापैकी आठ जातींचा एकही दाणा ढिगाबाहेर नव्हता. शाल्मलीनं स्वतःच त्यांच्यावर काट मारली. पाच जातींचे दाणे इतरत्रही विखुरले होते, आणि ते पक्षी तिनं सकाळी डोळ्यांनी पाहिलेही होते.

उरला चौदावा, वाटाड्या. हा लहानसा तपकिरी पक्षी आता फार थोडा उरलाय. त्याच्या अकरा हाका ढिगात, आणि एकच दाणा दूर, एका पडलेल्या ओंडक्यापाशी.

"नकलाकार चालत तिकडं गेला असेल," आबा म्हणाले. "खोडून टाक. उगाच धोका नको."

शाल्मलीनं पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. "टिपणीस, ही हाक नेमकी कधीची?"

"आठ एकेचाळीस आणि दहा सेकंद."

"त्याच सेकंदाला ढिगाच्या जागेवरून काय ऐकू आलं?"

"कुकाबुराचं हसू."

"मग आबा, एक पक्षी एकाच वेळी दोन जागी कसा असेल?"

आबांनी दुर्बीण तिच्या गळ्यात घातली.

तिघे दबकत ओढा ओलांडून गेले. ओंडक्यापाशी एक लायरपक्ष्याची मादी नखांनी पालापाचोळा उकरत होती, आणि तिच्या मागोमाग, उकरलेले किडे टिपत, लाल डोळ्यांचा गुबगुबीत वाटाड्या शेपटी वर करून ऐटीत उड्या मारत होता. टिपणीसने चित्र टिपलं. शाल्मलीला इतका आनंद झाला की ओरडता येत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

बाराला मॉरीनबाई आल्या. त्यांनी सात नावांची यादी वाचली, सहा पक्षी आणि सातवा खुद्द नकलाकार. वाटाड्याच्या नावावर त्यांची पेन्सिल अडली. "ऐकलास की पाहिलास?"

"आधी ऐकला, मग मोजून शोधला, मग पाहिला," शाल्मली म्हणाली आणि त्यांना दाण्यांचा नकाशा दाखवला.

बाई बराच वेळ उकिडव्या बसून तो पाहत राहिल्या. या दरीत सहा वर्षांत वाटाड्या कुणाला दिसला नव्हता. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. पुढच्या वर्षी सगळ्या दरीत अशी यंत्रं लावायची, म्हणजे एकाही पक्ष्याला त्रास न देता खरी मोजणी होईल, आणि नकाशा शाल्मलीनंच मांडायचा, असं त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

डाळ पुन्हा शेगडीवर चढली. मॉरीनबाई जेवायला थांबल्या. थोड्या वेळात शिट्टी झाली.

"एक," आबा म्हणाले.

शाल्मलीनं डोळे मिटून मान जराशी वळवली. तिच्याकडे दोनच कान होते, पण तेवढे पुरले.

"नाही आबा. ती ओढ्यापलीकडची. आपली अजून व्हायचीय."

त्या दिवशी वरण अगदी मऊ शिजलं.