कप्पीपाशी कोण बोललं?

खोटं वाटत असेल तर मलकापुरात प्रसेनजीतच्या गॅरेजवर जा आणि जोतीरामचा उजवा हात बघून या. मग पुढचं वाचा.

प्रसेनजीत माझा मावसभाऊ. भुतांची टिंगल करण्यात त्याचा हात धरणारा आमच्या नात्यात कुणी नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच घरातली भुतं घर सोडून पळाली, असं तो छाती पुढे काढून सांगायचा.

आता सांगत नाही.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. दुपारचे साडेतीन. अमावास्या नाही, मध्यरात्र नाही. मलकापूरच्या वर, जंगलात शिरणारी एक कच्ची वाट. आठ दिवस पाऊस हटला नव्हता आणि धुकं इतकं, की पंधरा फुटांवरचा माणूस दिसेना.

कोल्हापूरचा राजवर्धन नावाचा एक हौशी तरुण आपली कोरी फोर-बाय-फोर घेऊन त्या वाटेवर एकटाच घुसला होता. गाडीत दम आहे म्हणून ड्रायव्हरला अक्कल येत नाही, हे त्याला उतारावर कळलं. वळणाखाली गाडी घसरली आणि चारी चाकं लाल चिखलात रुतली. पलीकडे दरी.

अशा गाड्या बाहेर काढायचं काम प्रसेनजीत आणि जोतीराम बारा वर्षं करत होते.

जोतीराम गडहिंग्लजकडचा, अगदी हद्दीवरच्या गावचा. होकार द्यायचा झाला की कानडी वळणानं "हौद" म्हणायचा. गॅरेजवर सगळे छळायचे, "पाण्याचा का रं?" तोही हसायचा. पण बारा वर्षांत त्याच्या तोंडून "व्हय" काही निघालं नाही.

हे तेवढं ध्यानात ठेवा.

जीप वळणाच्या वर उभी केली. तिच्या पुढच्या बाजूला विंच, म्हणजे बटण दाबलं की लोखंडी दोर गुंडाळणारा रूळ. दोर सरळ गाडीपर्यंत जाईना, म्हणून वळणावरच्या झाडाला कप्पी बांधली आणि तिच्यातून दोर खाली गाडीला अडकवला. जोतीराम कप्पीपाशी. प्रसेनजीत वर, बटणाचा रिमोट हातात. राजवर्धन त्याच्या शेजारी.

धुक्यात कुणाला कुणी दिसत नव्हतं. नियम ठरलेला होता. वरून विचारायचं, आणि खालून उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

"प्रसेन, ह्या झाडाला आदीच दोराचा वळ हाय की रं," खालून जोतीराम ओरडला. "लई जुना. हितनं आदी कुणीतरी वडलंय."

"आसंल की. तू बांध."

कप्पी बांधून झाली.

"वडू का?"

"हौद!"

दोर ताणला. गाडी दोन हात वर आली.

"बास! दोर कप्पीतनं निसटाय लागलाय. थांब, बशिवतो."

प्रसेनजीतनं बटण सोडलं. थांबला.

आणि मग... बेडूक गप्प झाले.

रातकिडे थांबले.

पाऊस तोंडावर पडत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

तेवढ्यात खाली पत्रा करकरला. "दादा, गाडी घसरतीय!" राजवर्धन किंचाळला. "वडा की, दरीत जाईल!"

"जोत्या, वडू का?"

...

"वडू का रं?"

...

"व्हय."

शांत आवाज. अगदी कप्पीच्या जागेवरून आलेला. राजवर्धननंही ऐकला. प्रसेनजीतच्या कानाला काहीतरी खटकलं, पण खाली गाडी सरकत होती.

त्यानं बटण दाबलं.

दोर सणकन ताणला. विंच गुरगुरायला लागली. आणि खालून एक किंकाळी आली.

बोकडावर सुरी फिरते तेव्हाही एवढा आवाज येत नाही.

प्रसेनजीतनं बटण सोडलं.

रूळ फिरतच राहिला...

त्यानं रिमोट जीपवर आपटला. दोनदा. तीनदा. फुटला, तरी रूळ फिरतोय. खाली जोतीराम जिवाच्या आकांतानं ओरडतोय. आणि त्या ओरडण्याच्या खालून, त्याच वेळी, तो दुसरा आवाज...

"वड... वड की..."

दोन आवाज. एकाच जागेवरून.

प्रसेनजीतनं बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर हातानंच उपटली. ठिणगी उडाली, तळवा भाजला. तेव्हा कुठे रूळ थांबला.

दोर सैल पडावा म्हणून विंचचा क्लच मोकळा करून तो घसरत, पडत खाली धावला.

जोतीराम झाडाला हातानं लोंबकळत होता. उजवा पंजा कप्पीत ओढला गेला होता. झाडाचं खोड रक्तानं माखलं होतं, आणि तो जुना वळही भरून वाहत होता. दोर मागं ओढल्यावर हात सुटला... पण हातमोजा कप्पीतच राहिला. त्यात चार बोटं होती.

अंगठा तेवढा हाताला उरला.

प्रसेनजीतनं शर्ट फाडून हात करकचून बांधला.

"मी बोललोच न्हाय, प्रसेन... कुणीतरी त्वांड दाबलंतं माझं..."

तेव्हा त्याच्या तोंडाकडे नीट लक्ष गेलं.

ओठांवर लाल चिखलाचा पंजा उमटला होता. उघड्या हाताचा. जोतीरामच्या तर काम करताना दोन्ही हातांत मोजे होते.

तळवा स्पष्ट दिसत होता. गालावर अंगठा.

बोटं नव्हती.

मागोमाग खाली आलेल्या राजवर्धननंही पाहिलं. आता तो प्रसेनजीतचा फोन उचलत नाही.

दोघांनी जोतीरामला उचलून जीपमध्ये टाकलं, वायर जोडली, दोर तोडला आणि जीप उलटी काढली. मागे कोरी गाडी झाडं मोडत दरीत गेली. कुणी वळून पाहिलं नाही.

जोतीराम वाचला. दोन महिन्यांनी गॅरेजवर आला. पहिल्याच दिवशी त्याची बायको अंजना डबा द्यायच्या निमित्तानं आली आणि प्रसेनजीतला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, ह्येनी झोपंत बोलत्यात. वड, वड, आसं. आन् आवाज ह्येंचा न्हाय."

औषधांच्या गुंगीमुळे असेल, म्हणून प्रसेनजीतनं तिची समजूत काढली. स्वतःची काही निघाली नाही. त्या दुपारी आपण एक शब्द ओळखला नाही आणि मित्राचा हात गेला, हे त्याला रोज खातं.

यंदाच्या पावसात फोन आला. तीच वाट, तेच वळण, दुसरी गाडी. प्रसेनजीतनं सरळ नाही म्हणून सांगितलं.

जोतीराम पाना पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "जाऊया की. आता कप्पीपाशी तू ऱ्हा. बटण मी दाबतो. त्याला अंगठा पुरतोय."

चेष्टेचा आव आणून प्रसेनजीतनं विचारलं, "जोत्या... तूच हाईस न्हवं?"

जोतीराम हसला.

"व्हय," म्हणाला.

गॅरेज चालू आहे. दोघं अजून एकत्र काम करतात. पण प्रसेनजीतनं त्या दिवसापासून कप्पीला हात लावलेला नाही.