गजकर्ण, मांजर आणि पणजोबांची पगडी

शेवटी दिवाणजी सुटला आणि प्रतापकाकांनी त्याची माफी मागितली. दिवाणजी म्हणजे मांजर. पण हे तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. गोष्ट आत्ता सुरू होतेय.

"उद्या सकाळी हे मांजर पाणीगेटच्या गोदामात!" प्रतापकाकांनी निकाल दिला. "घरात गजकर्ण यानंच आणलं!"

बारा वर्षांच्या राजेश्वरीने दिवाणजीला घट्ट धरलं. मे महिन्याच्या सुट्टीत सगळी भावंडं आजोबांच्या हरणी भागातल्या फ्लॅटमध्ये जमली होती. त्यांतल्या रणवीर, पृथ्वीराज आणि अनय या तिघांच्या कपाळावर लाल गोल चकत्या उठल्या होत्या. तिघं असे खाजवायचे, की लांबून सतार वाजवताहेत असं वाटावं.

"पण काका, तुमचं मलम?"

"मांडवीतून आणलंय! दुकानदार म्हणाला, 'लगाडी दो, मटी जशे!' लावा, बरं होईल! खाज थांबते की नाही?"

"थांबते," रणवीर म्हणाला. "मग चकतीला मोठं करून परत येते. आधी पुरी होती, आता पोळी झालीय!"

राजेश्वरीने रणवीरला ओढलं, धाकट्या मृदुलाने मांजर उचललं आणि वरात पहिल्या मजल्यावर पोचली. तिथे वसुंधरामावशी राहायच्या, त्वचेच्या डॉक्टर. त्यांनी चकतीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

"बुरशी! तुझ्या पांढऱ्या पेशी तिच्याशी लढताहेत. काही तिला गिळतात, काही तिच्यावर मारक रसायनं सोडतात, काही कुमक बोलावतात. लाली आणि खाज म्हणजे त्याच लढाईची धुमश्चक्री." मग त्यांनी मलमाची नळी वाचली आणि कपाळाला हात लावला. "यात स्टेरॉइड आहे! ते पेशींनाच गप्प बसवतं. खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरते."

"म्हणजे काकांनी आपलंच सैन्य झोपवलं!" रणवीर ओरडला. "आणि म्हणे आपण सैनिकांच्या खानदानातले!"

"मावशी, हे मांजरामुळे होतं?" राजेश्वरीने घाबरत विचारलं.

"होऊ शकतं." मावशींनी दिवाणजीला शेपटीपर्यंत तपासलं. "याच्या अंगावर काही दिसत नाही. पण एकच टोपी, एकच टॉवेल सगळ्यांनी वापरला, तरी होतं."

जिन्यात राजेश्वरी थबकली. "मृदुला, आपण तर मांजराला कुशीत घेऊन झोपतो. आपल्याला एकही चकती नाही! पोरांनी असं काय केलं, जे आपण नाही केलं?"

"अभ्यास?"

"तो त्यांनीही नाही केला. अगं, पगडी!"

दर सुट्टीत घरातला प्रत्येक मुलगा पणजोबांची पगडी घालून फोटो काढायचा. मुलींना तो मान नव्हता. पगडी कधी साफ केलेली नव्हती, कारण काकांच्या मते त्याने इतिहास निघून गेला असता.

हे काकांना सरळ सांगून उपयोग नव्हता. म्हणून संध्याकाळी राजेश्वरीने मोबाइल उचलला. "काका, आजोबा, चालो, फोटो! ज्यांना पगडीचा मान मिळाला, ते उजवीकडे. मांजराला कुशीत घेणारे डावीकडे!"

काका छाती काढून उजवीकडे पहिले! "मान आधी माझा. नीट बसते का, ते दर सुट्टीत आधी मीच घालून बघतो." पाठोपाठ तिघं पोरं. डावीकडे दोन मुली आणि दिवाणजी.

"हलायचं नाही! खाजवायचं तर मुळीच नाही!"

अनयचा हात वर गेला. मग पृथ्वीराजचा. मग रणवीरचा. आणि मग अत्यंत सावकाश, ऐतिहासिक गतीने, प्रतापकाकांचा हात केसांत शिरला. केसांखाली भलीमोठी पोळी होती!

खुर्चीतून मानसिंगराव आजोबांनी विचारलं, "प्रताप, तू मांजराला कधी हात लावलास?"

"छे! मी त्याला जवळही येऊ देत नाही!"

"मग?"

काकांनी मांजराकडे पाहिलं. मांजराने काकांच्या डोक्याकडे पाहिलं.

"माफ कर बाबा," काका पुटपुटले.

पगडी काचेच्या कपाटात गेली, मलम कचऱ्यात गेलं आणि चौघांना वसुंधरामावशींचं खरं औषध सुरू झालं. "शाब्बास पोरींनो!" आजोबा म्हणाले. "पणजोबांनी किल्ले राखले, तुम्ही मांजर राखलंत! मागा काय हवं ते!"

राजेश्वरीने बरंच मागितलं, तेही आजोबांकडे नाही, थेट सोसायटीच्या सचिवांकडे, लेखी:

"विषय: पांढऱ्या पेशींना पगारी रजा मिळणेबाबत. महोदय, सदर पेशी विनातक्रार लढत असून त्यांना रविवारचीही सुट्टी नाही. तरी त्यांना दरमहा एक रजा मंजूर व्हावी, आणि त्या दिवशी बुरशीने घराबाहेर पडू नये, असा आदेश तिच्यावर आपल्या सहीशिक्क्यानिशी बजावण्यात यावा, ही नम्र विनंती."